नोडवर एआय नंतर, आधी ओलाव्याचा आकडा खरा येऊ द्या

शिवारकर: 'शेतातल्या सेन्सर नेटवर्कचं पुढचं संशोधन म्हणजे नोडवरचं (शेतात लावलेल्या सेन्सर-रेडिओच्या डब्यातलंच) एआय, मोजमापाचे प्रश्न सुटलेत,' असं कालच्या लेखात ठासून लिहिलंय. कुठे सुटलेत? काळी जमीन वाळताना आकसते, ओल मोजायला रोवलेल्या प्रोबभोवती भेग पडते. कपॅसिटिव्ह प्रोब (मातीच्या विद्युत गुणधर्मावरून ओल ओळखणारा) मग भेगेतली हवा मोजतो. मुळाशी ओल असूनही रीडिंग कोरडं. ठिबकमधून खत सोडलं की उलट: क्षार वाढले, तरी कमी फ्रीक्वेन्सीचा स्वस्त प्रोब ओल वाढली म्हणतो. असल्या आकड्यांवर मॉडेल काय शिकणार?

अँटेना_८६५: लेख माझाच, आणि मुद्दा सोडत नाही. २३ बाइटचं लोरावॅन (कमी विजेवर लांब पोचणारं रेडिओ नेटवर्क) पॅकेट एसएफ ७ला (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, नोड लांब तसा तो वाढवावा लागतो) सुमारे ६२ मिलिसेकंद हवेत असतं, एसएफ १२ला जवळजवळ दीड सेकंद. लांबच्या नोडची बॅटरी तिथेच जाते. ओल बदलली तरच पाठव, हे नोडनेच ठरवलं पाहिजे.

सेलवाला: बॅटरी तिथे जात नाही हो! लिथियम थायोनिल क्लोराइड सेल पडून राहिला की लिथियमवर क्लोराइडचा थर चढतो. रेडिओने एकदम करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं, कंट्रोलर रीसेट होतो, पुन्हा जॉइन रिक्वेस्ट (नेटवर्कला जोडून घ्यायची विनंती), पुन्हा रीसेट. लोक सेल संपला समजून फेकतात. मीटरवर बघावं तर ३.६ व्होल्ट! लोड देऊन मोजा की. आणि पॅकेटं जितकी कमी, तितका थर जाड. तुमची बचतच सेलला नडते. समांतर सुपरकपॅसिटर (चार्ज साठवून एकदम करंट देणारा) लावा.

अँटेना_८६५: त्याची गळती कोण धरणार? झोपेतला नोड मोजके मायक्रोअँपिअर खातो, साधा सुपरकपॅसिटर तेवढं नुसतं गळतो. थराचं मात्र मानावं लागतंय. बदल नसला तरी ठरावीक वेळाने एक पॅकेट सोडावंच लागेल.

सेलवाला: मग कमी गळतीचा निवडा! रीसेटनंतर लगेच जॉइनही नको. आधी कपॅसिटर भरू द्या.

शिवारकर: झालं, निम्मी चर्चा सेलनेच खाल्ली! चुकीचा आकडा दहा वर्षं टिकणाऱ्या सेलवर पाठवून शेतकऱ्याला काय मिळणार? कॅलिब्रेशन म्हणजे प्रोबशेजारची माती काढा, वजन करा, १०५ अंशांवर २४ तास वाळवा, पुन्हा वजन. ओल्या, वाफशाच्या आणि कोरड्या, तिन्ही अवस्थांत. प्रत्येक नोडसाठी हे कोण करणार? म्हणून संशोधन हवं ते मोजक्या नमुन्यांवरून सगळं नेटवर्क तपासण्यावर. पाणी दिल्यावर १५ सेंटिमीटर खोलीचा प्रोब आधी उठायला हवा (म्हणजे त्याचं रीडिंग वाढायला हवं), ४५चा नंतर. ४५चा आधी उठला तर पाणी भेगेतून खाली गेलंय, त्या रीडिंगवर खूण करा. एवढं नोडवरच कळलं, तर खुशाल एआय म्हणा.