घोरण्याकडेही लक्ष द्यावे

केमोथेरपीनंतर दिवसभर येणारी गुंगी ही अशक्तपणाचीच असते, या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही; झोपेत श्वास अडून झोपमोड होत राहिल्यानेही ती येऊ शकते. माझ्या काकांना फुफ्फुसाचा कर्करोग होता. उपचारांसाठी लातूरहून छत्रपती संभाजीनगरला गेलो की मुक्कामाच्या खोलीत ते मोठ्याने घोरत, मग एकाएकी शांत होत आणि थोड्या वेळाने दचकून, घशातून घरघर काढत श्वास घेत. एकदा मी घड्याळ लावून मोजले, तर तो खंड 20 सेकंदांचा भरला. झोपेत 10 सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबणे म्हणजे अ‍ॅप्निया; श्वास थांबण्याचे वा उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला 5 किंवा अधिक असतील, तर तो विकार मानला जातो. फुफ्फुसे आधीच दुबळी असल्यास रक्तातील प्राणवायू अशा वेळी लवकर घसरतो. त्यातच वेदनेसाठी दिलेले मॉर्फिन श्वसन मंद करू शकते; मात्र ते परस्पर बंद करू नये, हे कळकळीने सांगतो. घोरण्याचे मोबाईलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावे आणि शस्त्रक्रिया ठरली असल्यास भूलतज्ज्ञांनाही आवर्जून कल्पना द्यावी.