तुडतुड्यांचे आखूड पंख: आईबापांकडून की गर्दीमुळे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी भातावरचे तपकिरी तुडतुडे पाळतो आहे. टीएन-१ या भाताच्या वाणाची रोपं, जाळीचे पिंजरे. प्रौढ दोन तऱ्हेचे निघतात. लांब पंखांचे उडून दुसऱ्या शेतात जातात. आखूड पंखांच्यांना उडता येत नाही, पण त्यांच्या माद्या अंडी लवकर आणि जास्त घालतात.

अडचण अशी की आखूड पंखांची जोडी लावली तरी पिल्लांत लांब पंखांचे निघतातच, आणि उलटही होतं. एकाच जनुकाच्या वारशात दिसतं तसं ३:१ किंवा १:१ प्रमाण येत नाही; दर पिंजऱ्यात निराळं. डोरोथी जॅक्सन यांनी १९२८ साली सिटोना सोंड्यात आणि लिंडरॉथ यांनी १९४६ साली टेरोस्टिकस भुंगेऱ्यात आखूड पंख हे एकाच जनुकाचं प्रभावी (एका पालकाकडून आलं तरी दिसणारं) लक्षण असल्याचं दाखवलं होतं. तुडतुड्यात तसं का दिसत नाही? घरचं धान भंडाऱ्याकडे आहे, बांधीत तुडतुड्यांमुळे जळालेले गोल चट्टे लहानपणापासून पाहिलेत, म्हणून हे नीट समजून घ्यायचंय. आनुवंशिकता आणि परिस्थिती वेगळी कशी काढू?

प्रतिसाद:
तुमच्या जोड्या ठीक आहेत, अपेक्षा बदला. तुडतुड्यात दोन्ही तऱ्हेचे पंख घडवायची तयारी प्रत्येक पिल्लात असते. गर्दी झाली, रोप पिकत आलं, की लांब पंखांकडे कल जातो. चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये यामागचे दोन इन्सुलिन-ग्राहक (पेशीवरची, इन्सुलिनसारख्या संप्रेरकाचा संदेश घेणारी प्रथिनं) दाखवले: पहिला काम करतो तेव्हा पंख लांब होतात, दुसरा त्याला दाबतो तेव्हा आखूड.

मग वारशाने काय येतं? उंबरठा. किती गर्दीला पंख लांबतील, हे घराण्यागणिक बदलतं आणि त्यात अनेक जनुकांचा हात असतो. म्हणून ३:१ शोधू नका. पिढ्यानपिढ्या निवड केली की जवळजवळ एकाच तऱ्हेचे वाण मिळतात, म्हणजे आनुवंशिकता आहेच.

एकेका मादीची पिल्लं निघाल्याबरोबर दोन भागांत वाटा: काही नळीत एकेकटी, बाकीची दाटीने. रोपं एकाच वयाची ठेवा आणि पिवळी पडण्याआधी बदला, नाहीतर गर्दीचा आणि उपासमारीचा परिणाम एकात एक मिसळेल. नर-माद्या वेगळ्या मोजा, दोघांचा प्रतिसाद सारखा नसतो. सारख्याच गर्दीत घराण्या-घराण्यांत पडणारा फरक मुख्यतः आनुवंशिकतेचा; एकाच घराण्यात दोन गर्दींमधला फरक परिस्थितीचा. आकडे आले की इथेच टाका, गणित मिळून करू.