नवशिक्याला ड्युअल बूट करायला सांगणं बंद करा

खटपट्या
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतोय. लॅपटॉप धडधाकट आहे पण विंडोज ११ घेत नाही म्हणतो, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाहीये नाहीतर प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा आहे, मग लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू का? टाका की, जरूर टाका. पण त्यानंतर आपल्यातलेच जाणकार जे ठरलेलं वाक्य फेकतात ना, "घाबरू नकोस, आधी ड्युअल बूट करून बघ", त्याला माझा विरोध आहे. ड्युअल बूट म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचं आणि चालू करताना एक निवडायचं.

अहो या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात किचकट काम म्हणजे ड्युअल बूट आणि ते आपण सगळ्यात नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी करायला लावतो. पार्टिशन (डिस्कचा तुकडा) आकसा, फास्ट स्टार्टअप बंद करा (नाही केलं तर विंडोजची पार्टिशन लिनक्समधे नुसती वाचता येते, त्यात काही सेव्ह होत नाही), बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) लागलंय का बघा, लागलं असेल तर रिकव्हरी की शोधा, बायॉसमधे (मशीनच्या मूळ सेटिंगमधे) डिस्क रेड मोडला असेल तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. एवढं सगळं निस्तरून विंडोजमधे परत गेलं की बऱ्याचदा घड्याळ साडेपाच तास मागे. कारण लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. एका ओळीच्या कमांडचं काम आहे, पण नवीन माणसाला वाटतं व्हायरस आला.

आणि पुढे काय होतं? पहिल्यांदा प्रिंटर रुसला की माणूस रीस्टार्ट करून विंडोजमधे जातो, काम उरकतो, आणि लिनक्समधे परत यायचं त्याला काही कारणच राहत नाही.

माझं म्हणणं, आधी विंडोजमधेच राहून प्रोग्रॅम बदला. लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, गिंप, सगळं विंडोजवर चालतं. महिनाभर त्यावर काम करा आणि जे जे अडेल ते लिहून काढा. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्रायटनेस आणि झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का एवढं बघा. सगळं जमलं तर विंडोज पुसून टाका. यादीत एक जरी गोष्ट अशी राहिली की जिच्याशिवाय पोट चालत नाही, तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका, विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेट मिळतायत ते घ्या आणि तोवर नवीन मशीनची सोय बघा.

हिशोबनीस
साहेब, हा सल्ला फक्त आयटीवाल्यांसाठी झाला. मी टॅक्सची कामं करतो. टॅली विंडोजवर, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनची सगळी जुळणी विंडोजवर, इन्कमटॅक्सच्या मॅक्रोवाल्या एक्सेल शीट लिबरऑफिसमधे उघडतात पण बटणं दाबून काही होत नाही. म्हणजे तुमच्या हिशोबाने मी लिनक्सचं नावच काढायचं नाही. पण माझं असलं काम किती वेळ चालतं? दुपारपर्यंत. बाकी दिवसभर मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, बँकेची साइट, पोराचा अभ्यास, हे सगळं ब्राउझरमधेच तर आहे. तेवढ्यासाठी लिनक्स वापरलं तर बिघडलं कुठे? दोन लॅपटॉप घ्यायची ऐपत असती तर हा प्रश्नच आला नसता.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवतात तेव्हा पाठीला डबा बांधतात. डबा बांधू नका, थेट ढकला, असं म्हणताय तुम्ही.

खटपट्या
डबा सोडायचा असतो हो कधीतरी. इथे तो कोणी सोडतच नाही ही तक्रार आहे. पण तुमचं काम वेगळं आहे हे मान्य, त्यावर खाली लिहितो.

टर्मिनलतात्या
व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सिस्टीमच्या आत दुसरी चालवणं, हा शब्द कोणी ऐकला नाही का? लिनक्स मुख्य ठेवा, व्हर्च्युअलबॉक्समधे विंडोज टाका, टॅली त्यात चालवा. प्रश्न मिटला.

हिशोबनीस
तात्या, ४ जीबी रॅम आहे, त्यातच दोन संसार मांडू का? जी मशीन विंडोज ११ ला नको झाल्यात त्यातली बरीचशी अशीच आहेत. बरं त्या व्हर्च्युअलमधल्या विंडोज १० चा सपोर्ट पण संपलेलाच ना? उंटावरून शेळ्या हाकायचं काम आहे हे.

सी_डी_ई
धागाकर्त्याने "विंडोज पुसून टाका" असं एका वाक्यात लिहिलंय ते वाचूनच पोटात गोळा आला. मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसतो. आपल्याकडच्या लॅपटॉपला बहुतेक वेळा एकच डिस्क असते आणि तिचे सी, डी, ई असे तुकडे पाडलेले असतात. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की फॉरमॅट म्हणजे सी जातो, डी सुरक्षित. वर्षानुवर्षं विंडोज परत टाकताना तसंच होत आलंय. म्हणून फोटो, पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ, सातबाऱ्याचे स्कॅन, सगळं डी मधे. आणि मिंटचा इन्स्टॉलर विचारतो "इरेज डिस्क?", त्याला सी-डी काही कळत नाही, तो अख्खी डिस्क साफ करतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, डी ला तर मी हातच लावला नव्हता.

ड्युअल बूटमधे निदान "अलाँगसाइड" (विंडोजच्या शेजारी टाका) निवडलं की डी तसाच राहतो. शिकाऊ माणसासाठी तेच बरं. रोज बघतो म्हणून सांगतोय.

खटपट्या
बाहेरच्या डिस्कवर कॉपी घेतल्याशिवाय दोन्हीतलं काहीच करू नये. "अलाँगसाइड" मधे पार्टिशन आकसताना मधेच लाइट गेली आणि बॅटरी मेलेली असली तर डी तरी कुठला राहतोय? आणि नुसतं कॉपी करून ठेवू नका, दुसऱ्या मशीनला लावून फाइली उघडतात का ते बघा.

निळीशाई
मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळीत एखादा अंक. माझ्याकडे ड्युअल बूट आहे आणि ते जन्मभर राहणार, सोडायचा डबा वगैरे काही नाही. कोरलड्रॉ आणि श्रीलिपी (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर) विंडोजवर, गिऱ्हाइकाच्या जुन्या फाइली डीव्हीबी सुरेखसारख्या जुन्या फाँटात, त्या युनिकोडमधे आणायच्या म्हणजे प्रत्येक रफार आणि पोटफोड्या ष परत डोळ्याखालून घालायचा. हे लिनक्सवाले कधी सांगत नाहीत. अजून एक, मंगल फाँट विंडोजचा आहे, तो मिंटमधे येत नाही. मंगलमधे टाइप केलेला बारा पानी अहवाल लिबरऑफिसमधे उघडला की फाँट आपोआप बदलतो, ओळी सरकतात, बाराचे तेरा होतात आणि सहीची जागा एकटीच शेवटच्या पानावर जाऊन बसते.

पण लिनक्समधे मराठी टायपिंग मात्र मला जास्त आवडतं. इनस्क्रिप्ट (मराठीचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर वेगळं काही टाकायचीसुद्धा गरज नाही, कीबोर्डच्या लेआउटमधे मराठी निवडायचं की झालं. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायची ज्यांना सवय आहे, पर्याय खाली सुचवत जाणारं, त्यांना जड जाईल, आयबसमधे (लिनक्सच्या टायपिंगच्या सोयीत) फोनेटिक आहे पण तो सुचवत बसत नाही, जे दाबाल तेच उमटतं.

खटपट्या
ताई, तुम्ही नवशिक्या नाहीच. तुम्हाला कुठली फाइल कुठे उघडायची ते पक्कं माहितीये. माझा धागा ज्याला हे माहिती नाही त्याच्यासाठी आहे.

निळीशाई
मला ते दोन्ही शेजारी शेजारी होतं म्हणूनच कळलं ना? विंडोज पुसलं असतं तर पहिल्याच अहवालाला माझं दुकान बसलं असतं. तुमची लिहून काढायची यादी छान आहे पण काय अडणार हे आधी कसं कळणार? माझ्या विंडोजवर मंगल आहेच, त्यामुळे तिथल्या लिबरऑफिसमधे फाइल व्यवस्थित दिसते. लिनक्समधे गेल्यावरच फुटते. तुमच्या महिनाभराच्या परीक्षेत हा पेपरच नव्हता.

खटपट्या
हा मुद्दा बिनतोड आहे. मग लाइव्ह पेनड्राइव्हवर नुसतं वायफाय बघून थांबू नका, आपल्या रोजच्या दहा फाइली तिथे उघडून बघा. लिबरऑफिस त्यात असतंच. हे यादीत घालतो.

परत_पुण्यात
मी खटपट्यांच्या बाजूने. आईच्या लॅपटॉपवर मिंट एक्सएफसीई (मिंटचं हलकं रूप) टाकलं, विंडोज ठेवलंच नाही. तिला यूट्यूब, फोटो, बँकेचं स्टेटमेंट आणि बहिणीशी व्हिडिओ कॉल एवढंच हवं. ड्युअल बूट असतं तर चालू करताना जो काळा मेनू येतो त्यावरच गाडी अडली असती, "हे काय विचारतंय रे" म्हणून फोन. टाइमशिफ्ट लावून ठेवलंय, काही बिघडलं तर आधीच्या स्थितीला नेता येतं. आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे तोवर मला कोणी छळणार नाही.

सी_डी_ई
आईला तुम्ही आहात. ज्याला तुमच्यासारखा मुलगा नाही त्याचं काय? तो आमच्याकडे येतो आणि बाजारातले बरेच दुरुस्तीवाले लिनक्स बघितलं की हात वर करतात नाहीतर सरळ विंडोज टाकून देतात, तेही क्रॅक केलेलं.

परत_पुण्यात
हे मात्र खरंय. शिकायची सोय मात्र आहे, आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, लिनक्स आणि लिबरऑफिस दोन्हीचे धडे मराठी आवाजातही आहेत, फुकट. एमएससीआयटीत विंडोज आणि एमएस ऑफिस शिकून बाहेर पडलेल्या माणसाला हे कोणी सांगतच नाही. केरळमधे सरकारी शाळेतली पोरं लिनक्सवरच शिकतात, तिकडे कुणाला त्याचं अप्रूप वाटत नाही.

बॅकबेंचर
इंजिनिअरिंगवाल्यांचं काय? व्हॅलोरंट गेम लिनक्सवर चालतच नाही, त्याचं अँटीचीट (फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजशिवाय उभं राहत नाही. सेफ एक्झाम ब्राउझर पण लिनक्सला नाही. ऐन परीक्षेच्या सकाळी हे कळलं तर? विंडोज ठेवायलाच पाहिजे बॉस.

टर्मिनलतात्या
गेम खेळायचा म्हणून विंडोज ठेवतो आणि वर परीक्षेचं नाव पुढे करतो, वा रे पठ्ठ्या.

बॅकबेंचर
तात्या दोन्ही कारणं खरी आहेत 😅

सुखी_माणूस
इतका खटाटोप कशाला? विंडोज १० आहे तसं वापरा. १४ तारखेनंतर माझं मशीन काही बंद पडलं नाही.

हिशोबनीस
बंद पडणार नाहीच, पण नव्या सापडलेल्या भोकांना ठिगळ लागायचं थांबतं. लोकांचे पॅन आणि बँक तपशील माझ्या मशीनवर आहेत, मला ते परवडणार नाही. म्हणून तर इथे आलो.

खटपट्या
हिशोबनीस, तुमच्यासाठी वर म्हटलं तसं. तुमच्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडीत (ड्राइव्हच्या मापाच्या चौकटीत) दुसरी एसएसडी डिस्क बसते. लिनक्स त्या वेगळ्या डिस्कवर, टाकताना विंडोजची डिस्क चक्क काढून ठेवा, म्हणजे चुकीच्या डिस्कला हात लागायचा प्रश्नच नाही. कुठलं चालू करायचं ते बूट मेनूतून निवडायचं. दोघांची बूट पार्टिशनसुद्धा वेगळी राहते. ऑगस्ट २०२४ मधे मायक्रोसॉफ्टचा एक अपडेट आला होता, ड्युअल बूटच्या मशीनना लागू होणार नाही असं सांगूनही लागू झाला आणि कित्येकांचं लिनक्स सुरूच होईना. तसलं काही परत झालं तरी कामाची डिस्क बाजूला राहते. विंडोजचे जादा अपडेट मात्र आजच लावून घ्या, आणि टॅली सोडून त्यावर इंटरनेट वापरू नका.

सी_डी_ई
म्हणजे शेवटी ड्युअल बूटच की हो, फक्त दोन डिस्कवर! धाग्याचं नाव बदला.

खटपट्या
एका डिस्कवर करू नका एवढंच म्हणतोय. नाव राहू दे.

हिशोबनीस
कॅडी ९.५ मिमी जाडीची येते आणि १२.७ ची. कुठली घेऊ?

सी_डी_ई
ड्राइव्ह बाहेर काढून जाडी मोजा, मग घ्या. आणि विकत घ्यायच्या आधी एक बघा, काही लॅपटॉप कॅडीतल्या डिस्कवरून बूट होत नाहीत. तसं निघालं तर एसएसडी मूळ जागी येणार आणि विंडोजवाली कॅडीत जाणार, म्हणजे टॅली अडकणार. मॉडेल नंबर टाका इथे, सांगतो.