सी विंगचा ग्रुप: कंटेनर भाड्याने द्यायचा धंदा करावा का?

निखिल सी-५०३: नमस्कार मंडळी. जुने २० फुटी शिपिंग कंटेनर घेऊन सामान ठेवायला भाड्याने द्यायचा विचार चाललाय. पनवेल, कामोठे, खारघर सगळीकडे रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू आहेत, लोक सामान कुठे ठेवणार? मामाची पनवेलजवळ पळस्प्याला पाच गुंठे जागा आहे. दहा डब्यांपासून सुरुवात करावी म्हणतो. कुणाला अनुभव?

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. तरी बोला, टँकर यायला अजून वेळ आहे.

निखिल सी-५०३: 😀 अमेरिकेत पॉड्स नावाची कंपनी १९९८ पासून हेच करतेय. डबा घरासमोर आणून ठेवतात, आपण भरायचा, ते उचलून नेतात.

प्रशांत इंटिरिअर सी-१०१: तिकडे घरापुढे ड्राइव्ह-वे असतो रे. आपल्या कंपाउंडमध्ये दोन ॲक्टिव्हांच्या मधून माणूस आडवा होऊन जातो.

सेक्रेटरी: आणि फायर ब्रिगेडच्या गाडीचा रस्ता अडवून काहीही ठेवू देणार नाही. लेखी हवं तर लेखी देतो.

मोकाशी काका सीएचए: निखिल, मी न्हावा शेव्याला बंदर सुरू झालं १९८९ ला, तेव्हापासून कस्टम्स एजंट आहे. डबा घेण्याआधी कागद बघ. परदेशी शिपिंग लाइनचा डबा भारतात ड्युटी न भरता येतो, पण सहा महिन्यांत परत बाहेर जायच्या अटीवर. तो इथेच विकला तर ड्युटी भरलेली हवी. त्यामुळे बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि इन्व्हॉइस, दोन्हीवर तोच कंटेनर नंबर. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटचा चेक डिजिट. ‘कागद नंतर देतो’ म्हणाला की चहा पिऊन घरी ये.

निखिल सी-५०३: काका, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं 🙏

मोकाशी काका सीएचए: व्हिडिओवाल्याला ड्युटी भरायची नसते. पुढे ऐक. उरणजवळ द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात डबा बघायला गेलास की आत जा, बाहेरून दरवाजे लावून घे. अंधारात छताकडे बघ. सुईएवढं भोक असलं तरी उजेड दिसतो. मग खाली वाकून फ्लोअरचा वास घे. खाली २८ मिलिमीटरचं प्लायवूड असतं, आधी केमिकलचे ड्रम गेले असतील तर वास वर्षानुवर्षं जात नाही. तिथे कुणाचा सोफा ठेवलास तर तो सोफा तुलाच घ्यावा लागेल.

सुलभाताई सी-२०४: माझ्या बहिणीची ठाण्यातली बिल्डिंग पाडायला घेतलीय, म्हणून विचारते. पावसात आत ओल नाही का येणार? तिच्याकडे पुस्तकं, गाद्या, आईच्या पैठण्या.

मोकाशी काका सीएचए: बाहेरचं पाणी नाही येणार. पण आतलीच हवा दमट असते, रात्री पत्रा गार पडला की छताला पाणी धरतं आणि टपटप खाली पडतं. लाइनवाले याला कंटेनर रेन म्हणतात. एक्स्पोर्टच्या मालात कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगतात. तुमच्या कोकणच्या पावसात त्या भरल्या की बदलायला माणूस लागणार. आणि मे महिन्यात आत भट्टी.

सुलभाताई सी-२०४: मग राहू दे. शिवाय दिवाळीला फराळाचे डबे काढायचे, लग्नसराईत साड्या काढायच्या, दर वेळी पळस्प्याला कोण जाणार? बहीण भाड्याच्या घरात एक खोली जास्तीची घेतेय, बिल्डर भाडं देतोच आहे.

निखिल सी-५०३: डब्याला आतून इन्सुलेशन करता येईल ना?

प्रशांत इंटिरिअर सी-१०१: येईल. मग भाडं वाढेल, आणि मग ताई अजूनच घेणार नाहीत.

ॲड. देशपांडे सी-४०२: पळस्प्याची जागा एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का? शेतजमिनीवर व्यावसायिक यार्ड टाकलं तर तहसीलची नोटीस येऊ शकते. दुसरं, भाडं थकलं तर माल अडवून ठेवता येईल असं गृहीत धरू नकोस. १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम १७१ मध्ये बँका, व्हार्फिंजर (बंदराच्या धक्क्यावर माल ठेवून घेणारे) वगैरेंना तो हक्क आहे, साध्या गोदामवाल्याचं त्यात नाव नाही. करारात स्पष्ट लिहून घे. किल्ली कुणाकडे, आत काय ठेवायचं नाही (सिलिंडर, पेट्रोल, थिनर), विमा कोणाचा, सगळं.

निखिल सी-५०३: एनएचं मामाला विचारतो. जागेचं गणित मात्र बरोबर आहे ना? डबा १६० चौरस फूट, गुंठा १०८९. म्हणजे गुंठ्याला सहा.

मोकाशी काका सीएचए: कागदावर सहा. ट्रेलर वळणार कुठे? हायड्रा क्रेन उभी कुठे राहणार? दरवाजे उघडायला पुढे मोकळं सोडावं लागतं. निम्मेही बसणार नाहीत. एकावर एक चढवलेस तर वरच्या गिऱ्हाइकाला शिडी देणार का?

प्रशांत इंटिरिअर सी-१०१: निखिल, मी सरळ सांगतो. तुझं गिऱ्हाईक ताई नाहीत, मी आहे. साइटवर टाइल्स, नळांची सीपी फिटिंग, वायरची बंडलं रात्रीतून गायब होतात. पत्र्याची शेड करतो, ती कापतात. मला साइटवर एक २० फुटी डबा सात-आठ महिने उभा करून दे. उकडू दे, टपकू दे, टाइल्सला काय होतंय? प्लाय मी पॅलेटवर ठेवीन. वर १८ टक्के जीएसटी लागला तरी मला क्रेडिट मिळतं, माझ्या जीएसटीतून तो वजा होतो. ताईंना तो खिशातून जाणार.

निखिल सी-५०३: म्हणजे यार्ड नकोच?

प्रशांत इंटिरिअर सी-१०१: डबा माझ्या साइटवर, जागा माझी. तुला जागा लागणार फक्त रिकामा परत आला की. दहा कशाला, दोन घे. आणि कुलपावर लोखंडी पेटी वेल्ड करून दे, नाहीतर कटर लावायला दोन मिनिटं.

मोकाशी काका सीएचए: हे पटतंय. रिकामा २० फुटी साधारण सव्वादोन टनांचा, हायड्रा सहज उचलते. पण नेण्या-आणण्याचं भाडं आधी वेगळं ठरव, मासिक भाड्यात धरलंस तर पहिले काही महिने ट्रेलरवाल्यालाच देशील. ठेवताना चारही कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे, लेव्हल लावून. मुरूम पावसात बसला, एक कोपरा खाली गेला की फ्रेम पिळते आणि दरवाजा उघडत नाही. मग गिऱ्हाईक पहाटे फोन करतं.

जोशी आजोबा सी-३०१: 🌹 शुभ सकाळ 🌹

सेक्रेटरी: आजोबा, साडेअकरा वाजले.

पाटील बँक सी-६०२: उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करून घे निखिल, ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. आणि आत्ताच्या भावावर हिशोब पक्का धरू नकोस. २०२१ ला जगभर डब्यांची टंचाई झाली तेव्हा भाव आकाशाला भिडले होते, मग उतरले. कर्ज काढून दहा घेतलेस आणि भाव पडला तर हप्ता तोच राहतो.

निखिल सी-५०३: दोनच घेतो. काका, रविवारी द्रोणागिरीला याल का माझ्याबरोबर?

मोकाशी काका सीएचए: सकाळी आठला नीघ, नंतर उरण रोडला ट्रेलरची रांग लागते. टॉर्च नको, अंधारच बघायचाय. बूट घाल.

प्रशांत इंटिरिअर सी-१०१: मला उलव्याच्या साइटसाठी कोटेशन पाठव. वाहतूक वेगळी, भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं.

सुलभाताई सी-२०४: निखिल, प्रशांतचा डबा उलव्याला जाताना त्यात आमचा जुना कूलर टाकशील का? फक्त कूलर.

सेक्रेटरी: टँकर आलाय. मोटर कोण लावतंय?