चर्चच्या मंडळीची तब्येत तपासायला सल्लागार बोलवावा का?

मिरजकर:
जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत मिशन हॉस्पिटलच्या काळापासूनची घराणी आहेत. नाताळला बाहेर मांडव घालावा लागतो, एरवी रविवारी मागचे सहा बाक रिकामे. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या पोरांचं समजतं, पण गावात असलेलीही येत नाहीत, याची फार टोचणी लागते. एक सल्लागार तीन भेटी देऊन अहवाल देतो म्हणतात. पंच कमिटीत दोन तट पडलेत.

सातारची ताई:
आम्ही ख्रिश्चन श्वार्ट्झ या जर्मन अभ्यासकाची पद्धत वापरली. ३० सक्रिय सभासद प्रश्नावली भरतात. त्यातून ८ गुण मोजतात: पुढारपण, उपासना, लहान गट, प्रेमाची नाती वगैरे. ज्यात सर्वांत कमी, तिथून काम सुरू. आम्हाला वाटत होतं, उपदेशच कमी पडतोय. निघाले लहान गट! आता दर बुधवारी कुणा ना कुणाच्या घरी बसतो. चहा, एक शास्त्रभाग, मग एकमेकांची विचारपूस. शब्बाथशाळा (मुलांची रविवारची बायबल शाळा) सोडलेली दोन मुलं तिथे पुन्हा यायला लागली. प्रश्न मात्र साध्या मराठीत करून घ्या. आज्ज्यांना मी ओसरीवर बसून एकेक वाचून दाखवला.

निवृत्त पाळक (पास्टर), सांगली:
बायबलमधल्या नहेम्यानं आधी रात्री फिरून यरुशलेमेचा पडका तट पाहिला, मग बांधायला घेतला. सल्लागार बोलवा, पण पाळकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. नाहीतर त्यांना ती आपली चौकशी वाटते. माझ्या वेळी तसंच झालं, अहवाल कपाटातच राहिला.

मिरजकर:
शनिवारी पाळकसाहेबांकडे जातो. ताई, प्रश्नावली पाठवाल?