जसवंत थड्याच्या बाजूचा खडक

जोधपूरच्या जसवंत थड्याला, म्हणजे तिथल्या राजाच्या संगमरवरी स्मारकाला, 'मारवाडचा ताजमहाल' म्हणतात. संगमरवर तेवढा सारखा, बाकी उपमा जरा ताणलेलीच. ताज बायकोसाठी. हा सरदारसिंहांनी 1899 मध्ये वडील जसवंतसिंह (दुसरे) यांच्यासाठी बांधला. त्याआधीच्या राजांच्या छत्र्या (समाधीवरची स्मारकं) मंडोरला आहेत. थड्याचा मकराण्याचा संगमरवर इतका पातळ तासलाय की ऊन आतपर्यंत झिरपतं, ते मात्र खरंच पाहण्यासारखं.

पण थड्याच्या टेकडीवरच्या हिरवळीचं एवढं कौतुक होतं, तर शेजारच्या खडकाळ भागाबद्दलही लिहायला हवं. तिथे वेडी बाभूळ, हे बाहेरून आणलेलं काटेरी झाड, माजली होती. तिचं बी सरदारसिंहांचेच चिरंजीव उमेदसिंह यांनी 1930 च्या दशकात विमानातून टाकलं, असं सांगतात. म्हणजे जसवंतसिंहांच्या मुलाने स्मारक बांधलं आणि नातवाने काटे पेरले! 2006 पासून याच खडकाळ भागातल्या राव जोधा उद्यानासाठी (मूळच्या वाळवंटी झाडांची बाग) ती काढायला घेतली, तर मुळं खडकात घुसलेली, कापली की पुन्हा फुटायची. शेवटी दगडाच्या खाणीत काम करणारे खंडवालिया बोलावले. ते हातोडा मारून आवाजावरून खडकाची नस ओळखतात. त्यांनी छिन्नीने एकेक मूळ उकरून काढलं, आणि त्याच खड्ड्यांत थोर, कुमट अशी मूळची मरुझाडं लावली.