अनुभव धागा : स्वतःचे संकेतस्थळ, स्वतःचा छंद आणि त्यातून भेटलेली माणसे

धागाकर्ता, ठाणे (छंद : काडेपेट्यांचे छाप)

२००१ साली मी काडेपेट्यांच्या छापांचा माझा संग्रह जिओसिटीजवरच्या एका पानावर मांडला. स्वतःची पाने फुकट उभी करू देणारी ही सेवा १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली होती. सुरुवातीच्या काळात तिथे विषयवार आळ्या असत. विज्ञानकथांचे चाहते एका आळीत, रॉक संगीताचे दुसरीत, आणि घराला असावा तसा प्रत्येक पानाला क्रमांक. मी पोहोचलो तोवर आळ्यांची ती पद्धत मागे पडली होती, याची मला आजही थोडी हळहळ वाटते. पानावरचा मजकूर शुषा फाँटमध्ये होता. ज्याच्या संगणकावर तो फाँट नसे, त्याला माझ्या मराठीच्या जागी रोमन अक्षरांची नुसती खिचडी दिसे, म्हणून सर्वांत वर ‘आधी फाँट उतरवून घ्यावा’ अशी विनंती लिहावी लागे.

पहिले सात महिने गेस्टबुकात माझ्या दोन मावसभावांखेरीज कोणीही सही केली नाही. त्यानंतर अंबरनाथच्या एका गृहस्थांची नोंद आली. मी एकाच छापाच्या दोन प्रती म्हणून शेजारी ठेवलेली लेबले मुळात एक नव्हेतच, एकावर काड्यांची संख्या ६० आहे आणि दुसऱ्यावर ५०, असे त्यांनी नम्रपणे दाखवून दिले होते. काका छपाईच्या व्यवसायातून निवृत्त झालेले होते. विम्को ही काडेपेट्यांची कंपनी १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर उभी राहिली आणि तिचा एक कारखाना अंबरनाथला होता, त्यामुळे त्या गावातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर काय काय सापडते हे काकांना ठाऊक होते. पुढची सहा वर्षे महिन्यातला एक रविवार मी त्यांच्याकडे घालवला.

या धाग्यात आपण स्वतःचे पान, मग ते कितीही साधे असो, आणि आपला छंद यांच्यामुळे कोण भेटले ते लिहावे. पहिला अनोळखी माणूस नेमका कसा आला, हे वाचायला मला विशेष आवडेल. कोणीच आले नसेल तर तेही लिहावे.

नाशिक (छंद : दुर्बिणीचे आरसे घासणे)

माझ्या छंदाला घरात ‘काच घासणे’ याहून मोठे नाव कधी मिळाले नाही आणि ते नाव चुकीचेही नाही. सहा इंच व्यासाच्या काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या, खालची एका पिंपावर बसवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचे, आणि वरची चकती खालचीवर पुढे-मागे घासत घासत पिंपाभोवती फेऱ्या मारायच्या. वरची हळूहळू खोलगट होते आणि खालची फुगते. नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून ताऱ्याची प्रतिमा उमटते तिथपर्यंतचे अंतर, ४८ इंच हवे असेल तर मध्यभागी खोली जेमतेम १.२ मिलिमीटर लागते, पण खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात. पूड क्रमाक्रमाने बारीक करत न्यायची, मग डांबरी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडने झिलई द्यायची आणि शेवटी पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक-अष्टमांशाइतका अचूक करायचा. हे सारे मी २००६ मध्ये गच्चीवरच्या खोलीत एकट्याने आरंभले, कारण आमच्या ओळखीत असे काही करणारा दुसरा कोणी नव्हता.

रोजची नोंद ठेवायची म्हणून मी चार पाने बनवली. त्यांत रंग नव्हते, हलणारी चित्रे नव्हती. तारीख, किती मिनिटे घासले आणि काय दिसले, एवढेच होते. आरशाची परीक्षा फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या पद्धतीने करतात : लहानसा दिवा लावायचा, परतणाऱ्या किरणांच्या वाटेत दाढीचे पाते आडवे सरकवायचे आणि आरशावर पडणाऱ्या सावल्यांवरून कोठे उंचवटा आहे, कोठे खळगा आहे ते ओळखायचे. त्या सावल्यांचे छायाचित्र मी पानावर ठेवले आणि खाली मोठ्या अभिमानाने लिहिले की आरसा जवळजवळ पूर्ण झाला आहे.

आठ दिवसांनी नागपूरहून पत्र आले. लिहिणारे एक निवृत्त शिक्षक होते आणि पत्रात अभिनंदनाचा एकही शब्द नव्हता. ‘आपल्या आरशाची कडा खाली पडली आहे. छायाचित्रात उजवीकडे काठालगत ती दिसते. आपण मे महिन्यात काम करीत आहात, तेव्हा राळेचा थर मऊ पडला असणार. डांबर कमी करून राळ वाढवावी, अंगठ्याच्या नखाची खूण जेमतेम उठेल इतका थर कठीण असावा, आणि पहाटे काम करावे.’ मी थोडा दुखावलो, पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता खोलीत गेलो. राळ खरोखरच लोण्यासारखी झाली होती. परदेशी पुस्तकांत दिलेले मिश्रणाचे प्रमाण थंड तळघरांसाठी असते, ते नागपूरच्या उन्हाळ्यात चालत नाही, ही गोष्ट त्यांनी स्वतःचे दोन आरसे बिघडवून शिकलेली होती.

सरांचे स्वतःचे पान नव्हते. त्यांनी मला टपालाने वह्या पाठवल्या आणि त्यांतील उन्हाळी मिश्रणांची कोष्टके मी माझ्या पानावर चढवली. ती शोधत सोलापूरहून एक लेथवर काम करणारे दादा आले, मग बेळगावच्या दोघी बहिणी आल्या. त्यांतील धाकटीने आठ इंची आरसा पूर्ण केला. मी अजून सहावरच आहे. आम्ही पाचही जण एका ठिकाणी फक्त एकदा जमलो. त्या रात्री ढग होते, त्यामुळे आम्ही पहाटे तीनपर्यंत राळेविषयीच बोललो.

वडोदरा (छंद : मोडी वाचन)

गायकवाडांच्या राज्यात नोकरीला असलेल्या पणजोबांची पत्रे आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत होती आणि ती वाचता येणारी शेवटची व्यक्ती, म्हणजे माझी आत्या, १९९८ मध्ये गेली. मोडी मी पुस्तकावरून शिकले. अक्षरे ओळखणे फारसे अवघड नाही. अवघड असते ते शब्द तोडणे, कारण जुन्या मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शिवाय इकार आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. ‘सा. न. वि. वि.’ एवढे मात्र प्रत्येक पत्रात बिनचूक वाचता येई आणि तेवढ्यावरच मी कित्येक आठवडे खूश होते.

मी साधे पान तयार करून दर रविवारी एका ओळीचे चित्र आणि खाली माझे वाचन असे देऊ लागले. एका पत्रात मला ‘पाचशे’ दिसले आणि पणजोबांवर पाचशे रुपयांचे कर्ज होते असा निष्कर्ष मी काढला. घरात त्यावर गंभीर चर्चाही झाली. सातारा जिल्ह्यातील एका बाईंनी लिहिले, ‘ताई, शब्द पुढे तोडा. पाच शेर आहे, आणि त्यापुढे तूप.’ पणजोबांनी गावाकडून तूप मागवले होते.

त्या बाईंच्या घरीही अशीच पेटी होती. आता आम्ही सात घरे आहोत. प्रत्येक जण आपल्या पानावर ओळ ठेवतो आणि इतर सहा जण ती स्वतंत्रपणे वाचतात. स्वतःच्या घरातील पत्र वाचताना माणसाला जे हवे असते तेच दिसते, म्हणून परक्याचा डोळा लागतो. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या सर्वमान्य संकेतसंचात, स्थान मिळाले, त्यामुळे आता आम्हाला वाचन मोडीतच टंकित करून मूळ चित्राशेजारी ठेवता येते.

नागपूर (छंद : बोरूने सुलेखन)

धागाकर्त्यांनी अपयशही चालेल असे म्हटले आहे, म्हणून लिहितो. बोरू तासण्याची, शाई धरण्याची आणि कागद निवडण्याची सविस्तर माहिती मी अकरा पानांत मांडली होती. तीन वर्षांनंतर भेटींचा आकडा २१२ होता आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक भेटी माझ्याच असाव्यात. मला सुलेखन करणारी माणसे मिळाली ती शाईच्या दुकानात, बाकावर बसून. पान मी बंद केले.

मडगाव (छंद : क्रोशा)

माझी अडचण भाषेची होती. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, त्यामुळे एकाच नावावर भरवसा ठेवून विणलेला रुमाल कधी ताटाएवढा होतो, तर कधी बशीएवढा. माझ्या सासूबाई मात्र साखळी, मुका खांब, खांब असे म्हणत आणि त्यांचे कधी चुकले नाही. मी त्यांचे शब्द आणि शेजारी आकृत्यांतील खुणा असा तक्ता करून पानावर ठेवला. कारवारच्या एका वहिनींनी त्यांच्याकडचे आणखी नऊ शब्द पाठवले, ज्यांतले चार आमच्या शब्दांशी जुळेनात. त्या चारांवर आमचा वाद अजून चालू आहे आणि दर गणपतीत आम्ही दोघी एकमेकींकडे जातो.

टोरांटो (छंद : दिवाळीचे किल्ले)

इथे दिवाळीच्या सुमारास माती हातात धरवत नाही इतकी थंड असते, म्हणून आम्ही खोलीत पुठ्ठ्याचा सांगाडा आणि वर्तमानपत्राचा लगदा यांनी किल्ला करतो. २०१५ मध्ये मुलीने राजगड केला आणि त्याची छायाचित्रे तिने स्वतः एचटीएमएल लिहून निओसिटीजवर ठेवली. जिओसिटीजच्या धर्तीवर २०१३ मध्ये सुरू झालेली ही जागा मुलांना आवडते, कारण तिथे प्रत्येकाचे घर वेगळे दिसते. सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला तिने मन लावून केले होते. वेल्ह्याकडच्या एका तरुणाने लिहिले, ‘संजीवनी माचीचे बुरूज चिलखती आहेत, म्हणजे एका बुरजाबाहेर दुसरी भिंत असते. तुमचा एकपदरी झाला आहे.’ सोबत त्याने त्या दोन भिंतींमधील अरुंद वाटेत उभे राहून काढलेली छायाचित्रे पाठवली. बारा वर्षांच्या मुलीला कोणी इतक्या गांभीर्याने चूक दाखवली, याचे तिला अपार कौतुक वाटले. रात्री जागून तिने बाहेरची भिंत चढवली.

पुढे तो तरुण, सिंगापूरमधील दोन भावंडे, चिंचवडचे एक कुटुंब आणि आम्ही अशी पाच पाने आम्ही वेबरिंगने जोडली. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘मागचा किल्ला’ आणि ‘पुढचा किल्ला’ असे दोन दुवे असतात आणि पाचव्यावरून पुन्हा पहिल्यावर येता येते. यात एक दोष आहे : एकाने पान बंद केले की साखळी तुटते. गेल्या वर्षी सिंगापूरचे एक पान बंद पडले, तेव्हा चिंचवडच्या काकूंनी मुलांच्या शाळेची चौकशी करावी तशी आपुलकीने त्यांची चौकशी केली. मुलांच्या दहावीच्या परीक्षा होत्या. या दिवाळीत ते पान परत आले, फक्त किल्ला एकच बुरुजाचा होता.

धागाकर्ता, ठाणे

दोघांनी विचारले आहे की माझ्या पानाचे काय झाले. २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद झाले. सूचना काही महिने आधी मिळाली होती आणि मी आळस केला. लेबले माझ्याजवळ होतीच, पण गेस्टबुक गेले याचे वाईट वाटले. काका तोवर वारले होते. त्यांच्या मुलाने पुढच्या वर्षी घर आवरताना एक जाड फाइल माझ्याकडे आणून दिली. काकांनी माझे प्रत्येक पान छापून ठेवले होते, गेस्टबुकासकट. त्यांच्या संगणकावर शुषा फाँट असल्यामुळे मजकूर पूर्णपणे वाचता येत होता. त्यांच्या पहिल्या नोंदीसमोर त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते : ‘मुलगा चिडला नाही. पुन्हा लिहावे.’

अंबरनाथ परिसरातील कोणी वाचत असल्यास, ६० काड्यांचे आणखी एक लेबल मला हवे आहे. आमच्याकडचे किडीने खाल्ले आहे.